‘ट्रायलेमा’ला मराठीत काय म्हणावं?

अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक म्हणतो, संपूर्ण जागतिकीकरण, राष्ट्राचं सार्वभौमत्व आणि लोकशाही या तिन्हींपैकी एका वेळी दोनच गोष्टी पुरत्या साधतात, तिसरीवर पाणी सोडावं लागतं. हा त्याचा ‘ट्रायलेमा’. तर्कशास्त्रात डायलेमाला ‘उभयापत्ती’ म्हणतात. त्या चालीवर ‘त्रयापत्ती’ चालेल का? एका लेखात वापरायचा आहे.

प्रतिसाद : त्रयापत्ती वाचून एनडीआरएफची बोट डोळ्यांसमोर आली. ‘त्रांगडं’ काय वाईट आहे?

प्रतिसाद : त्रांगड्यात कुठला धागा ओढावा तेच कळत नाही. इथे निवड स्वच्छ आहे, किंमत जबर. ग्रीस घ्या. ५ जुलै २०१५ ला सार्वमत झालं. बँका बंद, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो, तरी ६१ टक्के मतं कर्जदात्यांच्या अटींविरुद्ध पडली. आठवडाभरात सिप्रास सरकारने कडक अटी मान्य केल्या, कारण युरो सोडायचा नव्हता.

प्रतिसाद : मग ‘इकडे आड, तिकडे विहीर’ आहेच की.

प्रतिसाद : छे! आड काय, विहीर काय, दोन्ही नकोशाच. इथे तिन्ही गोष्टी हव्याशा आहेत.

प्रतिसाद : ग्रीसपर्यंत कशाला जाता? दाभोळचा, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प विसरलात? १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन समुद्रात बुडवायची भाषा होती. युती सरकारने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही केला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प परत आला. केंद्राच्या प्रतिहमीला (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, या हमीला) मंजुरी दिली ती १९९६ च्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने!

प्रतिसाद : उदाहरण झणझणीत, पण नेमकं नाही. राज्य सरकार सार्वभौम नसतंच. शिवाय दाभोळचं भांडण मुख्यतः महाग विजेच्या कराराचं होतं. ग्रीसकडे स्वतःचं चलनच उरलं नव्हतं, म्हणून तिथे रॉड्रिक चपखल बसतो. शब्द म्हणाल तर ‘त्रिपेच’ सुचवतो. उच्चारायला सोपा आणि ‘त्रिपेचात सापडणे’ असा वाक्यातही बसतो.

मूळ प्रश्नकर्ती : त्रिपेच आवडला. आमच्या संपादकांनी त्याचा ‘तिढा’ केला नाही म्हणजे मिळवलं.

प्रतिसाद : तिढा नकोच. तो दर निवडणुकीत जागावाटपाचा असतो आणि अर्ज भरायच्या आदल्या रात्री सुटतो.