मदत हवी आहे: ३६ लिटर खिचडी वेळेत थंड कशी करावी?

अमेरिकेतल्या एका एपिस्कोपल (प्रोटेस्टंट पंथाच्या) कॅथेड्रलबरोबर, म्हणजे मोठ्या चर्चबरोबर, आमचं मराठी मंडळ महिन्यातल्या एका शनिवारी गरजूंना जेवण देतं. पाहुणे साधारण १२०. घरून शिजवून आणलेलं चालत नाही आणि शनिवारी सकाळी हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम असतो, म्हणून स्वयंपाक शुक्रवारी संध्याकाळी तिथल्याच परवानाधारक स्वयंपाकघरात.

शिजवलेलं अन्न थंड करण्याचा नियम असा: ५७ अंश सेल्सियसवरून २१ वर दोन तासांत, तिथून पुढच्या चार तासांत ५ वर. भातातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत आणि त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे इथे तडजोड नाहीच.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं: कडा गार, मध्य गरमच. सतत ढवळलं तर लगदा. ५ सेंमी खोल ट्रेमध्ये जमतं, पण सहा ट्रे लागतात आणि झाकण न लावता, मध्ये हवा खेळती ठेवून फ्रिजमध्ये तीनच मावतात. दुसऱ्या फ्रिजमध्ये रविवारच्या उपासनेची फुलं असतात. पुलाव नको, बऱ्याच जणांना चावायला त्रास होतो.

आता विचार असा: ६ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, २७ ऐवजी १८ लिटर पाणी, आणि शिजल्यावर पिण्यायोग्य पाण्याचा ९ किलो बर्फ थेट आत. हिशेबाने लगेच ५० अंशांच्या आसपास येते.

कुणी असं केलंय का? एवढ्या पाण्यात डाळ नीट मऊ शिजते का, आणि शनिवारी ७४ अंशांपर्यंत गरम केल्यावर खिचडी एकजीव राहते की पाणी सुटतं?