एसएमपीएस ‘फट्’ करून गेला, हार्ड डिस्कची काळजी वाटते – मदत हवी आहे

नमस्कार. राजारामपुरीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. परवा संध्याकाळी वळीव कोसळत असताना लाईट दोनदा गेली-आली. दुसऱ्यांदा आली तशी कॅबिनेटच्या मागून, एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) ‘फट्’ आवाज झाला, जळका वास सुटला आणि कॉम्प्युटर बंद पडला. आता बटण दाबलं तरी पंखासुद्धा हलत नाही.

डिस्कवर शिवाजी विद्यापीठातल्या एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध आहे. सोमवारी प्रिंट द्यायची आहे आणि गाईडने सुचवलेल्या दुरुस्त्या घातलेली प्रत फक्त माझ्याकडेच आहे. महिनाभर बॅकअप घेतला नाही, ही चूक माझीच. तिला अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

एका दुरुस्तीवाल्याने काहीही जोडून न बघता “मदरबोर्डपण गेलाय, नवीनच घ्या” म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही. मशीन सहा वर्षांचं आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला साधाच. हिरवी आणि काळी वायर जोडून तो तपासता येतो असं ऐकलंय. करून बघू का?

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

ताई, तो एसएमपीएस पुन्हा लाईटला लावू नका. हिरव्या-काळ्या वायरची चाचणी धडधाकट दिसणाऱ्या एसएमपीएससाठी. त्यातही पंखा फिरला म्हणजे तो फक्त सुरू होतो एवढंच कळतं, व्होल्टेज बरोबर आहे की नाही ते कळत नाही. तुमच्यात आवाज आणि वास दोन्ही आलेत, तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. खोलूनही बघू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतात.

आधी डिस्क. ती काढून सॅटा-यूएसबी अ‍ॅडाप्टरने लॅपटॉपला लावा. साडेतीन इंची असेल तर १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडाप्टर असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. नाहीच फिरली तरी धीर सोडू नका. बऱ्याच डिस्कच्या सर्किटवर जादा व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवणारा डायोड असतो, जाणकार तो काढून डेटा मिळवतात. मात्र कुणी दुसऱ्या डिस्कचं सर्किट बदलून लावतो म्हणाला तर देऊ नका. त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते.

मदरबोर्डसाठी कुणाचा तरी चालू एसएमपीएस मागून आणा. फक्त २४ पिनची आणि प्रोसेसरची वायर लावा, डिस्क लावू नका. स्क्रीनवर बायोस (मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी दिसतं ते) आलं की बोर्ड बहुधा वाचला. मल्टिमीटर असेल तर पिवळी वायर ११.४ ते १२.६ आणि लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवी. नवीन घेताना नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा तुम्हाला भरपूर झाला. हलका, स्वस्त लेबलवाला घेऊ नका, लेबलवर वॅट कितीही छापता येतात.

धागाकर्ती

दादा, डिस्क फिरली! प्रबंध दोन पेनड्राइव्हवर घेतला, मेलवरही टाकला आणि मग त्या मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं. उद्यमनगरातल्या भाच्याने त्याच्या वर्कशॉपमधला एसएमपीएस आणून लावला, बायोसही आलं. म्हणजे बोर्ड शाबूत आहे.

पण त्याने मल्टिमीटरने सॉकेट तपासलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३८ व्होल्ट दाखवतंय. इमारत जुनी आहे, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे घरमालकांनाही माहीत नाही. अर्थिंग नीट होईपर्यंत नवीन एसएमपीएस यूपीएसवर चालवला तर चालेल, की तोवर मशीन बंदच ठेवू?

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

बंद ठेवा. यूपीएसलाही अर्थिंग लागतंच. प्रिंट दुसरीकडून काढून घ्या आणि आधी वायरमनला बोलवा.