मदत हवी: विष्णुपुरीच्या पाण्यात बोटीला इलेक्ट्रिक मोटर, पण जलपर्णीचं काय?

मंडळी, नांदेडहून लिहितोय. विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला मामांचं शेत गोदावरीला लागून आहे. तिथं आमची सोळा फुटी फायबरची बोट असते. सुट्टीत पोरंसोरं घेऊन चकरा मारायच्या, एवढंच तिचं काम. मागं पंधरा एचपीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन आहे. धूर, आवाज आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा उपद्व्याप. ते काढून नवं काहीतरी बसवायचंय. परवानगीचं पाटबंधारे खात्याकडं चालू आहे, तो विषय इथं नको.

वेगाची हौस नाही. एवढी बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरपर्यंत निवांत पाणी कापते. त्यापुढं तिला पाण्यावर उचलायची तर ताकद कैक पटीनं लागते. म्हणजे तीनेक किलोवॉटची मोटर पुरावी. 48 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण 5 युनिट. दोन किलोवॉटवर दोन तास आरामात. फक्त पन्नास किलोच्या आसपासचं ते धूड घरून चार्ज करून न्यायचं, कारण शेतात लाइटचा भरवसा नाही.

खरा घोळ पाण्यात आहे. जलपर्णीत शिरलं की पंख्याला काळ्या केसाळ मुळ्यांचा गुंडा बसतो, त्यात फाटक्या जाळ्यांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. मुळ्या विळ्यानं निघतात. तंगूस मात्र शाफ्टवरून आत सरकतो, सील कापतो आणि गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं होतं. वर उन्हाळ्यात वेड्या बाभळीचे खुंट उघडे पडतात ते वेगळंच. जाहिरातीतलं पाणी बघा, आरशासारखं!

आता पर्याय. व्होल्वो पेंटाचे 2005 पासूनचे आयपीएस पॉड, म्हणजे बोटीच्या तळाखाली बसणारे, पुढं तोंड केलेले जोडपंखे, मोठ्या बोटींचे लाड आहेत. आपल्या गाळात नकोत. पाणी ओढून मागं फेकणाऱ्या जेट ड्राइव्हला बाहेर पंखा नाही, पण जाळीतून पाणी ओढताना जलपर्णी तिथंच अडकणार, शिवाय कमी वेगाला वीज वाया. यामाहाच्या हार्मो या इलेक्ट्रिक बोट-मोटरमधला रिम ड्राइव्ह पटतोय: पाती बाहेरच्या कड्याला, मधे शाफ्टच नाही. पण गुंडा त्या कड्यात बसला तर? कुणी वापरलाय का? एकजण म्हणतो, ई-रिक्षाचीच मोटर बसवून देतो. बसवावी का?

प्रतिसाद: दादा, रिक्षाची मोटर पाण्याबाहेर ठेवूनच चालेल, म्हणजे लांब शाफ्टची लाँगटेल करावी लागेल. थायलंडात उथळ पाण्यात तेच चालतं. दांडा दाबला की पंखा वर, साफ केला की परत खाली. पण पोरं असताना उघडा फिरणारा शाफ्ट मला नको वाटतो. तुमच्या कामाला साधी इलेक्ट्रिक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून अडकवायची मोटर) घ्या, मागं कललेल्या पात्यांचा वीडलेस, म्हणजे पाला कमी अडकणारा पंखा लावा. जलपर्णी आली की मोटर उलटी फिरवा, बराचसा पाला आपोआप सुटतो. तंगूस मात्र हातानंच काढायचा, तोही बॅटरीचं कनेक्शन तोडून. रिम ड्राइव्हला शाफ्ट नाही हे खरं, पण खुंट कड्यावर बसला तर सुटा पंखा बदलण्याइतकं ते स्वस्तात निभणार नाही. आधी ट्रान्समची, म्हणजे मोटर अडकवतात त्या बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजा: 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग.

धागाकर्ता: साडेपंधरा भरली. म्हणजे शॉर्टच. वीडलेस पंखा इकडं कुणी ओतून देतं का, की बाहेरूनच मागवावा लागेल?