त्यांनी टाकलाच, तर आपण टाकायचा का?

टॉवेलवाला (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

रविवारी नान्नजच्या पुढं एका मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. गूळभेंडीची कणसं, शेंगाची चटणी, दही, सगळं रंगात आलेलं. त्यात भाच्यानं पाकिस्तानचा विषय काढला. "त्यांनी एक टाकला तर आपण दहा टाकायचे. नकाशावरून पुसायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली. घरी परत येताना मात्र डोक्यात एकच फिरत होतं, की टाकून मिळणार काय?

आपलं अण्वस्त्र धोरण ४ जानेवारी २००३ला जाहीर झालं. पहिला वापर आपण करणार नाही. पण आपल्यावर झाला तर उलटा मारा प्रचंड असेल, समोरच्याला सोसणार नाही असा. हे आधी बोलायला ठीक आहे. दुकानात 'उधार बंद'ची पाटी असते तसं. पण समजा पाटीचा उपयोग झाला नाही. मुंबई गेली, आपलं सोलापूर गेलं. त्यानंतर लाहोर-कराची जाळून आपलं कोण परत येणार आहे? धमकी ज्यासाठी होती ते काम तर आधीच बिघडलं. उरला तो सूड. आणि तो बटण दाबणाऱ्यावर नाही, रात्रपाळीत मागावर उभ्या असलेल्या माणसावर.

मी टॉवेलच्या धंद्यात आहे. कराची-फैसलाबादवाले माझे रोजचे वैरी. परदेशी गिऱ्हाईक त्यांचा भाव आणि माझा भाव शेजारी ठेवून बघतो. त्यांनी भाव पाडला की मी इथं बसून शिव्या घालतो. त्यांचा धंदा बुडावा असं शंभरदा वाटलंय. त्यांची पोरं भाजावीत असं एकदाही नाही.

गोची पुढं आहे. उलट टाकायचं नाही असं मनात ठरवलं आणि ते समोरच्याला कळलं, तर पाटी फुकट गेली. म्हणजे पाप टाळायचं असेल तर पापाची पक्की तयारी ठेवायची. मला हे सुटेना. तुमचं काय म्हणणं? फक्त अश्वत्थाम्याचं ब्रह्मास्त्र आणू नका, ते हुरड्यालाच येऊन गेलंय.

माजी_हवालदार_बार्शी

मालक, तुमचा प्रश्न खोटा नाही, पण चव्हाट्यावर विचारायचा नाही. बायकोला 'तू गेलीस तर मी दुसरं लग्न करू का' असं कोणी विचारतं का?

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला. ऑपरेशन पराक्रम लागलं आणि आमची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली. दहा महिने. लढाई झाली नाही, तरी सुरुंग पेरताना, काढताना, अपघातात माणसं गेली. तिथं एक गोष्ट शिकलो. समोरच्याला तुमच्या डोळ्यांत शंका दिसली की तो एक पाऊल पुढं टाकतो.

मे १९९८मध्ये आपण पोखरणला आणि त्यांनी चगाईला स्फोट केले. तेव्हापासून १९६५ किंवा १९७१सारखं युद्ध झालेलं नाही. कारगिल झालं, पण डोंगरापुरतं राहिलं. कशामुळं राहिलं? दोघांच्या उशाखाली काय आहे ते दोघांना माहीत होतं म्हणून. आणि हे 'उलट टाकतीलच' या खात्रीवर उभं आहे. ती खात्री तुम्ही हुरड्याच्या आगटीत घालू नका.

कडक_भाकरी

हवालदारसाहेब एकच नंबर. विषय संपला.

विजापूर_रोड_मास्तरीण

संपला कुठं, आता सुरू झालाय.

काका, तुमच्या नोकरीबद्दल आदर ठेवून बोलते. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. कारगिल बॉम्बनंतर बरोबर वर्षभरात झालं, आधी नाही. ग्लेन स्नायडर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हे विसंगत त्रांगडं १९६०च्या दशकातच मांडलं होतं: वरचा, म्हणजे अणुबॉम्बचा, मजला पक्का झाला की खालच्या मजल्यावर मारामारी करायला लोक निर्धास्त होतात. पाकिस्तानच्या सेनापतींना वाटलं, बॉम्ब आहे म्हणजे भारत मोठं युद्ध करणार नाही, तर चौक्या बळकावू. आणि आपण हवाई दल वापरलं तेही ताबारेषा ओलांडायची नाही या अटीवर. २००८मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही आपले हात बांधलेले होते. वचक त्यांना बसला तसा आपल्यालाही बसला, हे कोणी बोलत नाही.

पुढचं बघा. २०१६ला ताबारेषेपलीकडं जवान पायी गेले. २०१९ला विमानं बालाकोटपर्यंत. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूर, ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि शेवटी हवाई तळ. पायरी दर वेळी वरची. जिना कुठं संपतो ते ना आपल्याला माहीत, ना त्यांना.

आणि टॉवेलवाले काका, तुमचा प्रश्न आहे त्याहून अवघड आहे. तुम्ही मुंबई गेली असं धरलंत. पाकिस्ताननं २०११मध्ये नस्र नावाचं क्षेपणास्त्र आणलं, पल्ला जेमतेम ६० किलोमीटर. ते शहरासाठी नाही, आत घुसलेल्या आपल्या रणगाड्यांसाठी आहे. समजा त्यांनी ते स्वतःच्याच वाळवंटात आपल्या एका तुकडीवर टाकलं. आपलं २००३चं धोरण म्हणतं, भारतीय भूमीवर किंवा भारतीय सैन्यावर *कुठेही* अण्वस्त्र पडलं तरी उत्तर प्रचंडच. म्हणजे त्यांच्या जमिनीवरच्या काही रणगाड्यांपायी आपण लाहोर जाळणार? आणि त्यांनी मग दिल्ली? समोरच्या जनरललाही हे हिशेब येतात. त्याला तुमच्या डोळ्यांत शंका दिसणारच, काका. ती तिथं आहे.

माजी_हवालदार_बार्शी

ताई, म्हणून काय 'छोट्याला छोटं' म्हणायचं? एकदा तसं म्हटलं की त्यांना छोट्याचं लायसन मिळालं. 'प्रचंड' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. अव्वाच्या सव्वा आहे म्हणूनच उपयोगाचा आहे.

सात_रस्ता_डॉक्टर

धोरणातलं मला फार कळत नाही. भाजलेला माणूस कळतो. शरीराचा निम्मा भाग भाजलेल्या एका पेशंटला काय काय लागतं ते सांगत बसत नाही. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांतल्या जळीत खाटा बोटांवर मोजून बघा आणि २०११च्या जनगणनेतली आपली साडेनऊ लाख लोकसंख्या शेजारी लिहा. हिरोशिमात बहुतेक डॉक्टर-नर्स पहिल्याच झटक्यात मेले किंवा जखमी झाले होते. १९४५ संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. तो बॉम्ब आजच्या मानानं लहान होता.

उलट माऱ्याबद्दल एकच. अमृतसरपासून लाहोर साधारण ५० किलोमीटर. आपल्याला मोहोळ जेवढं, त्याहून थोडं लांब. लाहोरवर टाकलं आणि वारं पश्चिमेचं असलं, तर ती राख कोणाच्या शेतात पडेल? सुडाचं सोडा, स्वतःच्या अंगणात निखारे टाकणं याला संरक्षण म्हणतात का?

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले, परक्या जखमींसाठी, आणि १९४२मध्ये तिथंच वारले. भैय्या चौकातून जाताना आठवतं.

कडक_भाकरी

डॉक्टर, त्याच चीननं १९६२ला काय केलं आणि १९६४ला अणुस्फोट केला हेपण आठवतं का भैय्या चौकात? आपला बॉम्ब त्यामुळंच आला की. नुसत्या पाकिस्तानसाठी नाही. कोटणीसांचं पुण्य मोठं आहे, पण त्यानं सीमा राखली नाही. आणि युक्रेनचं बघा. १९९४ला बुडापेस्टमध्ये सुरक्षेच्या हमीच्या कागदावर सह्या घेतल्या, अण्वस्त्रं रशियाला देऊन टाकली. २०१४ला क्रिमिया गेला, २०२२ला रणगाडे आले. ज्यानं दिली तो फसला.

विजापूर_रोड_मास्तरीण

युक्रेनकडं बॉम्ब होते, वापरायची किल्ली मॉस्कोकडं होती. बाकी चीनचा मुद्दा मान्य. आपण पाकिस्तानकडं बघून भांडतो आणि हिशेब चीनचा असतो, हे खरंय.

पण एक गोष्ट राहून जाते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं अण्वस्त्रांचा खटला होता तेव्हा, १९९५मध्ये, भारतानं लेखी म्हणणं दिलं होतं, की उलट मारा म्हणून केलेला वापरसुद्धा बेकायदाच. टॉवेलवाल्या काकांचा प्रश्न होता, त्याचं उत्तर आपल्या सरकारनंच 'नाही' असं लिहून दिलेलं. तीन वर्षांनी पोखरण. आणि न्यायालयानं तरी काय केलं? ८ जुलै १९९६ला म्हणाले, वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध, पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल तर ठाम सांगता येत नाही. त्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात, शेवटी अध्यक्षांचं मत निर्णायक धरलं. जगातल्या मोठ्या न्यायाधीशांना सुटलं नाही म्हटल्यावर हुरड्यावर काय सुटणार.

माळढोक

मला वेगळीच भीती. ठरवून टाकण्याची नाही, चुकून सुटण्याची. ९ मार्च २०२२ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूला जाऊन पडलं. सरकारनं स्वतः कबूल केलं, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना काढलं. त्यात स्फोटकं नव्हती, कोणी मेलं नाही. पण येतंय ते रिकामं आहे की भरलेलं, हे खालच्या माणसाला आकाशाकडं बघून कळतं का? १९८३मध्ये रशियाच्या पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याच्या यंत्रावर अमेरिकन क्षेपणास्त्रं येताना दिसली. त्यानं वर 'खोटा इशारा' असं कळवलं आणि त्याचंच खरं निघालं, इशारा खोटाच होता. त्याच्या जागी नियमाप्रमाणं चालणारा माणूस असता तर?

माजी_हवालदार_बार्शी

मियां चन्नूनंतर त्यांनी काही केलं का? नाही. याला वचक म्हणतात.

माळढोक

याला नशीब म्हणतात.

(माझ्या नावाबद्दल सांगायचं तर, नान्नजचा माळढोक आणि जैसलमेर-पोखरणच्या बाजूचा माळढोक, पक्षी एकच. इथं तो दिसायचा जवळजवळ बंद झालाय. तिकडं थोडे उरलेत.)

चार_हुतात्मा_चौक

सगळे सेना-कायदा बोलालेत, गावचं कोणी बोलंना. मे १९३०मध्ये सोलापूरला मार्शल लॉ लागला. काही पोलिसांना मारलं म्हणून अख्ख्या गावाला शिक्षा. गांधी टोपी घातली तरी मारायचे असं आजोबा सांगायचे. चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी. काहींच्या कृत्यासाठी अख्खं गाव भरडणं काय असतं ते आपल्याइतकं कोणाला माहीत? आणि आपणच म्हणावं, तिकडच्या जनरलच्या चुकीसाठी लाहोर जाळा?

कडक_भाकरी

काय बे, उलटं बघ की. मार्शल लॉ लावणाऱ्याला सोलापूरची भीती नव्हती म्हणून लावला. भीती असती तर लावला असता का?

टॉवेलवाला

हे उत्तर कापून ठेवण्यासारखं आहे. पटलं नाही, पण ठेवतो.

हुरड्यातला_भाचा

मामा, ते दहा टाकायचे म्हणणारा मीच. नाव लिहिलं नाहीत त्याबद्दल आभार.

रात्री बसून वाचलं. ब्रिटनमध्ये नवा पंतप्रधान आला की स्वतःच्या हातानं चार पत्रं लिहितो, चार अणुपाणबुड्यांसाठी. देश नष्ट झाला, आदेश द्यायला कोणी उरलं नाही, तर कप्तानानं तिजोरी उघडून पत्र वाचायचं. उलट मारा करा, करू नका, तुमच्या मनाला येईल ते करा, काहीही लिहिलेलं असू शकतं. पंतप्रधान बदलला की जुनी पत्रं न वाचता नष्ट करतात. त्यामुळं आजपर्यंत कोणी काय लिहिलं ते जगाला माहीत नाही. म्हणजे आत 'टाकू नका' असं असलं तरी बाहेर वचक तोच. आपल्याकडं अरिहंत ही अणुपाणबुडी २०१६पासून आहे, पण निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा, असलं पाकीट असल्याचं कुठं वाचनात नाही.

टॉवेलवाला

आरं, हेच मला म्हणायचं होतं! पाकीट बंद ठेवायचं. पाटी तीच, आत काय ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक. मी लिहिलं असतं तर 'टाकू नका' लिहिलं असतं, आणि जिवंत असेपर्यंत कोणाला सांगितलं नसतं.

विजापूर_रोड_मास्तरीण

काका, आत्ताच सांगितलंत की.

सात_रस्ता_डॉक्टर

हवालदारकाका, रागावू नका. २००२मध्ये सीमेवर होतात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं? धोरण नको, तुमचं सांगा.

माजी_हवालदार_बार्शी

रागवायचं काय त्यात.

पायदळातल्या माणसाला ते आदेश येत नसतात. आम्हाला गॅस मास्क आणि सूट चढवायचा सराव होता, तेवढाच. मे महिना, बाडमेरकडचं ऊन, आणि अंगावर तो जाड सूट. दहा मिनिटांत आतून ओलेचिंब. शेजारी माझ्याच तालुक्यातला एक पोरगा होता, तो मास्कमधून म्हणाला, पडला तर हे घालून काय करायचं? मी म्हटलं, गप गुमान घाल.

खरं सांगायचं तर पडला असता तर आपल्यानं उलट टाकला का नाही हे कळायला आम्ही नसतोच. तरी तिथं उभं असताना, टाकतील एवढं माहीत असावंसं वाटायचं. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.