कंपनीतर्फे बागेत देशी झाडं लावलीत? पुढं काय झालं ते सांगा

मृगाचा पाऊस लागला की आपल्या बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनग्याकडच्या कारखान्यांतली माणसं टिकाव-फावडी घेऊन बागांत दिसतात. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत आणि झाडं लावणं त्यात बसतं, त्यामुळं रोपांना पैसा मिळतो. मला ऐकायचंय ते लावल्यानंतरचं. ज्यांनी हाताने खड्डे खणलेत त्यांनी जरूर लिहा.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
आम्हाला मिळालेला बागेचा कोपरा म्हणजे निव्वळ भराव. वर विटांचे तुकडे, खाली मुरूम, पहार टण्णकन वाजायची. म्हणून खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू दिले. 2 फूट लांब, 2 रुंद, 2 खोल. मुरूम बाहेर टाकून लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. आपल्याकडं वाळवी फार. लावताना पिशवी ब्लेडनं उभी चिरायची. तळाशी मूळ वेटोळं घालून बसलेलं असतं, तेवढं छाटायचं, पण मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. मोल्डिंगची पोरं यात तरबेज निघाली, साच्यात ठेवायचा वाळूचा ठिसूळ गाभा, म्हणजे कोअर, उचलतात तसं दोन्ही तळव्यांवर रोप धरायची. करंज आणि जांभूळ आता माझ्या डोक्यावर गेलेत. सेकंड शिफ्टला जाताना वाट वाकडी करून बघून येतो.

एचआरमधली, टिळकवाडी
आमच्याकडं गुलमोहरच लावा असा आग्रह होता, फुलतो छान म्हणून. तो मादागास्करचा. मी बहावा, पळस, पांगारा, ताम्हण यांचे फुललेले फोटो मीटिंगमध्ये ठेवले, बोलावं फार लागलं नाही. पांगारा-पळसावर मैना, सूर्यपक्षी कसे तुटून पडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं. आमच्यात मराठी, कन्नड दोन्ही बोलणारे आहेत. गावाकडं कुठलं झाड होतं, यावर खड्डे खणताना ज्या गप्पा झाल्या तशा ऑफिसात कधी झाल्या नव्हत्या.

रोपवाटिका, खानापूर तालुका
एक कळकळीची विनंती. 500 देशी रोपं पाहिजेत म्हणून मेच्या शेवटी फोन करू नका. जांभळाचं बी ठेवून चालत नाही. फळ खाल्लं की थोड्याच दिवसांत पेरावं लागतं, वाळलं की मेलं. बहाव्याचं उलटं, कवच इतकं कठीण की घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय उगवतच नाही. कंबरेएवढं रोप व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आदल्या वर्षी सांगा, हवं ते करून देतो. भीमगड अभयारण्यातलं बी आणता येत नाही, आणूही नये. आम्ही जांबोटी भागातल्या बांधांवरचं, मालकाला विचारून गोळा करतो. ऐन, किंजळ, हिरडा, कुंभा, सगळं मिळतं.

निपाणीकर
खानापूरची यादी आमच्याकडं जशीच्या तशी आणू नका. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. कडुलिंब, करंज, बाभूळ, आपटा तग धरतात. आळ्यात उसाच्या पाचटाचा जाड थर घातला की भेगा कमी पडतात. अथणीकडं तर पाऊस खानापूरच्या निम्म्याहूनही कमी, तिथं याहून निवडून लावावं लागेल.

बागेशेजारची, शहापूर
मी कंपनीतली नाही, रोज फिरायला येणारी. लावायच्या दिवशी बॅनर, टोप्या, नाश्ता सगळं होतं. संक्रांतीनंतर पाना-पानाला सुकत जाणारी रोपं आम्ही बघतो. एका कंपनीची लावलेली जवळजवळ सगळी त्या उन्हाळ्यात गेली. कुंपण नव्हतं, शेळ्या आत यायच्या. फार वाईट वाटलं. दुसऱ्यांनी बागेतल्या जुन्या विहिरीचा गाळ काढून मोटर बसवून दिली आणि माळीमामांना पाणी घालायचे वेगळे पैसे लावून दिले, तेही 3 वर्षांचे. शिवाय त्यांच्यातल्या दोघी रविवारी येऊन आळी नीट करतात, काठीला बांधलेली सुतळी बुंध्यात रुतत असली तर सैल करतात. त्यांची झाडं उभी आहेत. एप्रिलमध्ये नळालाच पाणी चार-आठ दिवसांनी येतं, तेव्हा झाडांना कुठून घालणार? रोपांच्या आधी विहीर बघा, असं मी प्रत्येक कंपनीवाल्याला सांगते.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग
ताई, ही बाग कुठली? आमच्या कोपऱ्याजवळही बुजत आलेली विहीर आहे. गाळ काढायला माणसं आम्ही देतो, मोटरचं कुणाशी बोलायचं तेवढं कळवा.