मदत हवी आहे: पाणबुडीच्या खेळात शत्रूचा ताफा गाठायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा; पाण्याशी आमचा संबंध उजनीच्या जलाशयापुरताच, तरीही ‘सायलेंट हंटर ३’ या खेळात जर्मन पाणबुडीवर अनेक रात्री घालवल्या आहेत. नकाशावर ताफ्याची खबर येते, दिशा व वेगाचा अंदाजही मिळतो, परंतु मी पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. सातव्या प्रकारच्या पाणबुडीला पृष्ठभागावर सुमारे १७ नॉट (सागरी मैल प्रतितास) वेग मिळतो, पाण्याखाली जेमतेम ७, आणि हायड्रोफोन (दूरच्या जहाजांचा आवाज पाण्यातून ऐकण्याचे यंत्र) तर बुडी मारल्यावरच चालतो. त्यामुळे किती वेळाने थांबून कानोसा घ्यावा, हे ठरत नाही. शत्रूची आपल्यापासूनची दिशा न बदलता अंतर घटत गेले, तर गाठ पडते, हे ठाऊक आहे. पण जहाज दिसण्याआधीच पट्टी व कोनमापकाने नकाशावर आपला व ताफ्याचा मार्ग मिळतो तो छेदनबिंदू कसा काढावा, हे कोणी उदाहरणासह समजावून सांगेल का?