घरच्या आजारी माणसाचं करणारी शाळकरी मुलं : तुमचे अनुभव लिहा

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पॅरालिसिसच्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, बेडसोर म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा होऊ नयेत म्हणून काय बघायचं हे घरच्यांना शिकवणं माझ्या कामातच येतं, आणि कितीतरी घरांत शिकायला समोर उभी असते आठवी-नववीतली मुलगी नाहीतर मुलगा. मोठं माणूस कामावर गेलेलं असतं, नाही गेलं तर चूल पेटणार नाही.

ही मुलं आपल्याकडे कुठल्याच कागदावर येत नाहीत. अनाथ नाहीत, पटावर नाव आहे म्हणजे शाळाबाह्य नाहीत, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत करायला मुभाच आहे, त्यामुळे त्या बाजूनेही कोणी विचारणार नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने ही जबाबदारी कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनावर टाकली, एप्रिल २०१५ पासून लागू आहे. १८ च्या आतलं मूल घरी कोणाची सेवा करतंय आणि त्याला आधाराची गरज आहे असं दिसलं की कोणी अर्ज केला नसला तरी कौन्सिलने चौकशी करायची. जपानने २०२४ मध्ये कायद्यात या मुलांचा उल्लेख घातला, त्याआधी तिथल्या सरकारी पाहणीत आपल्या आठवीच्या वयाच्या साधारण १७ मुलांमागे एक असं निघालं होतं. आपल्याकडे मुळात हा प्रश्न विचारायचा कोणी, हेच ठरलेलं नाही.

ज्यांनी लहानपणी हे केलंय त्यांनी लिहा. नाव-गाव नको, घराची बदनामी होईल ही भीती ठेवू नका.

गोदाकाठ :
लिहिते. आईला स्किझोफ्रेनिया आहे हे मला बारावी झाल्यावर कळलं, तोवर घरात 'तिचं डोकं दुखतं' एवढंच. गोळ्या मात्र मी पाचवीपासून देत होते. गोळी दिली की पाणी, मग आ करायला लावायचं, जीभ वर करायला लावायची, कारण ती गोळी गालात धरून ठेवायची आणि नंतर मोरीत थुंकायची. स्ट्रिपवर मी पेनने वार लिहून ठेवायचे. बाबा फर्स्ट शिफ्टला पहाटे जायचे त्यामुळे सकाळची गोळी माझ्याकडे. ती रात्री झोपली नाही की मी पण नाही आणि मग शाळेत पहिल्या दोन तासांना डोळे मिटायचे, बाई म्हणायच्या टीव्ही कमी बघ, मी हो म्हणायचे.

डॉक्टरांना बाबांना काही सांगताच यायचं नाही. गोळी कधी चुकली, कोणावर संशय घेत होती, किती वाजता उठून दार उघडलं, सगळं मला माहीत, पण मला बाहेर बाकड्यावर बसवायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो अज्ञान नसावा अशी अट आहे, ते बरोबरच आहे, मुलावर तेवढा भार नकोच. पण घरातल्या मुलाला निदान आजार काय आहे ते समजावून सांगणं हे कोणाचं तरी काम म्हणून ठरायला नको का? आई तुझ्यावर रागावून असं करत नाही, एवढं एक वाक्य मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

बालाघाट :
आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला कारखान्याला. उचल घेतलेली असती, जावंच लागतं. घरी आज्जी आन् आम्ही दोघं भावंडं. मी सातवीत असताना आज्जीला लकवा मारला, एक बाजू गेली. तिची अंघोळ, बाहेर नेणं, भाकरी मी करायचो, बहीण पाणी आणायची. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, आमच्या गावात म्हंजे शाळेत दोन टायमाचं जेवण आन् झोपायला आपापल्या घरी. गुरुजींनी नाव घातलं, चांगलं झालं, पण जेवण आमच्यापुरतं. आज्जीच्या भाकरी मला थापाव्याच लागायच्या आन् तिला दिवसभर एकटी सोडायची कशी, म्हणून मी मधल्या सुट्टीत घरी यायचो ते परत जायचोच नाही. पोराचा हिशेब एका टेबलावर, म्हातारीचा दुसऱ्या, घर तर एकच असतं. कायदा करायचाच असल तर पोराला मदत म्हंजे आधी आज्जीला मदत, हे त्यात पाहिजे. दिवसातनं दोन तास जरी कोणी येऊन बसलं असतं तरी माझी शाळा झाली असती.

लेस्टरची आई :
बालाघाटदादा, तुम्ही जे म्हणताय तेच इथल्या, इंग्लंडच्या कायद्यात आहे, मुलाची चौकशी करताना आजारी मोठ्या माणसाला कुठली मदत कमी पडतेय म्हणून हे मुलावर आलंय तेही बघायचं असतं. आमचं सांगते. नवऱ्याला स्ट्रोक झाला, मी वेअरहाऊसमध्ये नाइट करत होते, मुलगी तेव्हा सेकंडरीत नुकतीच गेलेली. तिचा होमवर्क राहायला लागला तेव्हा शाळेने विचारलं आणि पुढे कळवलं. सोशल सर्व्हिसेसची बाई घरी येणार म्हटल्यावर मी रात्रभर घर घासत होते, आपल्या लोकांत बोललं जातं ना की ते मुलं उचलून नेतात. ती आली, म्हणाली मुलीशी वेगळं बोलायचंय. तिला विचारलं, यातलं तुला काय करायला चालतं आणि काय नकोय? मुलगी म्हणाली बाबांना जेवू घालायला आवडतं, टॉयलेटला न्यायचं नको. माझ्यापाशी हे ती कधीच बोलली नव्हती. पुढे नवऱ्यासाठी सकाळी केअरर म्हणजे सेवा करणारा माणूस यायला लागला आणि शाळेने तिला फोन सायलेंटवर जवळ ठेवू दिला, घरून काही आलं तर कळावं म्हणून. त्या फोनने तिचं वर्गात लक्ष लागायला लागलं, खोटं नाही सांगत.

पण सगळं छान आहे असं समजू नका. कौन्सिल-कौन्सिलवर आहे, थांबावं खूप लागतं. पैसे म्हणाल तर केअरर्स अलाउन्स, म्हणजे घरच्याची सेवा करणाऱ्याला मिळणारा भत्ता, १६ च्या आत नाहीच आणि आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिकत असाल तर पुढेही नाही. स्कॉटलंडमध्ये १६ ते १८ च्या मुलांना २०१९ पासून वर्षातून एकदा यंग केअरर ग्रँट मिळते, इंग्लंडमध्ये तसं नाही.

कृष्णामाई :
सर्वांचं वाचून वाईट वाटलं. पण माझं वय झालंय म्हणून बोलतो, आम्हीही आजोबांचं सगळं केलं, त्यातून माणूस घडतो. घरच्या सेवेत कायदा आला की मुलं उद्या हक्काची भाषा बोलतील. हे संस्कार आहेत, त्याला सरकार कशाला?

गोदाकाठ :
काका, तुमच्याविषयी आदर ठेवून सांगते. तुमच्या घरी आजोबांचं करायला आजी होती, काकू होत्या, शेजार होता, तुम्ही त्यातले एक होतात. मी एकटी होते. आईचं मी आजही करते आणि मनापासून करते, पण दहा वर्षांच्या मुलीला मधून सुट्टी मिळाली असती तर माझी माया कमी झाली नसती.

कोकणातली शिक्षिका :
यूडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदीत, आम्ही मुलाचं आधार, जात, अपंगत्व, आईबापांची नावं सगळं भरतो. घरी तो कोणाचं करतो याला रकाना नाही. इंग्लंडमध्ये २०२३ पासून शाळांच्या जनगणनेत ही नोंद घ्यायला लागलेत म्हणे, आपल्याकडे एवढं झालं तरी पुढचं हलेल. माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येतो, अंध वडिलांना स्टँडवर सोडून येतो. मी त्याचा पहिला तास मधल्या सुट्टीत घेते आणि हजेरी लावते. दुसऱ्या शाळेत गेला तर तिथे कोण लावेल?

उल्हासकाठ :
पप्पांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मम्मी नाही. जनआरोग्य योजनेत बसलं म्हणून पैशाचं निभावलं. पण टाइम मिळाला सकाळचा, कॉलेज बुडालं, हजेरी भरेना, शेवटी बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही, त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही, पाणी मोजून द्यायचं, नारळपाणी-केळं बंद, हे सगळं सिस्टरने मलाच शिकवलं, मी तेव्हा सोळाचा. आणि सहीची वेळ आली की 'सोबत मोठं कोण आहे?' मग डोंबिवलीहून काकांना बोलवायचं, ते यायचे, सही करायचे, जायचे. आता मी कामाला लागलो तर पप्पांसोबत माझा भाऊ जातो, तो १४ चा आहे. त्याचं कॉलेज असं जाऊ नये. त्याच्यासाठी काही मिळतं का?

समाजकार्य वाली ताई :
मिळू शकतं. मी बालकांच्या केसेसवर काम करते. या कामासाठी म्हणून आपल्याकडे वेगळी योजना नाही, जे आहे त्यात बसवावं लागतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ज्याचे पालक सांभाळायला असमर्थ आहेत असं बाल कल्याण समिती ठरवते ते मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' धरलं जातं. मला हे खटकतं, कारण तिथे मूल सांभाळून घ्यायचं आहे असंच गृहीत आहे, प्रत्यक्षात तेच घर सांभाळतंय. पण दार तेवढंच उघडं आहे तर त्यातून जायचं.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत गंभीर आजारी पालकांची मुलंही येतात, १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५० रुपये. एकच पालक आहेत हे अर्जात ठळक लिही. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा, गृहचौकशी होते, मग बाल कल्याण समितीपुढे केस जाते. वडिलांसाठी संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला वेगळा टाक, बालाघाटदादा म्हणाले तसं, मोठ्याचं झालं की धाकट्यावरचं ओझं उतरतं. अडलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

उल्हासकाठ :
ताई, पप्पांना ऑफिसला नेणं जमत नाही. त्यांना यावंच लागेल का?

समाजकार्य वाली ताई :
आधीच अर्जात लिही की डायलिसिसवर आहेत, चालता येत नाही, घरी चौकशी करावी. लेखी दे आणि पोच घे. चौकशीला कोणी आलं तर भावाला बोलू दे, तू मध्ये उत्तर देऊ नकोस. आधी आजाराचं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट, भावाचा बोनाफाईड आणि आईचा मृत्यूदाखला काढ, हातात आले की इथे लिही, अर्ज आपण दोघं मिळून भरू.